न दिसलेलं माकड

माणसाला जंगलात जाऊन प्राणी बघावेसे का वाटतात, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. मला स्वतःला तसं कधी वाटलं नव्हतं, हे त्याचं मुख्य कारण. मी बँकेत कारकून आहे. दिवसभर काचेपलीकडून माणसं माझ्याकडे बघत असतात. पूर्वी कॅशियरभोवती जाळीचा पिंजरा असे, आता काच आली. पण बघणाऱ्यांची नजर तीच. 'हा हलत का नाही? जेवायला किती वाजता जातो? आत्ता तर इथे होता, गेला कुठे?' राणीच्या बागेतल्या अस्वलाविषयी जे प्रश्न पडतात ते सगळे लोकांना माझ्याविषयी पडतात. तेव्हा रजा काढून, पदरमोड करून, आपण आणखी कोणाकडे तरी टक लावून बघायला जावं, हा विचार माझ्या मनाला शिवायचं काही कारण नव्हतं.

पण पदरमोडीचा प्रश्नच नव्हता. एलएफसी होती. एलएफसी म्हणजे काय ते बँकवाल्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून उपयोग नाही. थोडक्यात, ठरावीक वर्षांच्या मुदतीत सहकुटुंब प्रवास केला तर त्याचं भाडं बँक देते, नाही केला तर हक्क बुडतो. आणि 'बुडणं' हा शब्द बँकेतल्या माणसाला सहन होत नाही. आमच्यातले निम्मे लोक ताजमहाल बघायचा म्हणून आग्र्याला जात नाहीत, मुदत संपत आली म्हणून जातात. दिवाळीत माझी मुदत संपत होती. कुठे जायचं ते ठरवायला घरात सभा भरली आणि दुर्दैवाने त्या सभेला माझा मेहुणा हजर होता.

मेहुण्याकडे कॅमेरा आहे. म्हणजे कॅमेरा तसा लहानच आहे, पण त्याच्यापुढे जी लेन्स आहे ती रिक्षात ठेवली तर तिचं वेगळं भाडं पडेल. ताडोब्याला जाऊन त्याने वाघ पाहिले आहेत. एक नव्हे, तीन. आणि ते तिन्ही वाघ आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन बसले आहेत.

"वाघ काय भावोजी, कोणीही बघतं," तो म्हणाला. "खरं जंगल बघायचं तर सदाहरित. वर्षावन. केरळातली सायलेंट व्हॅली. तिथे सिंहपुच्छ वानर आहे. काळंभोर माकड, चेहऱ्याभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा भाग सोडला तर जगात कुठल्याही रानात नाही. आणि तिथेही काही हजारच उरलीत."

संख्या दरसाल घटतेय, नवी भरती जवळजवळ नाही, आणि चेहऱ्यावर अकाली पिकलेल्या केसांची झालर! मला एकदम खात्यातलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. सौ.ला 'सायलेंट' हा शब्द आवडला. कन्या यत्ता आठवीत आहे. तिला शाळेत पश्चिम घाटावर प्रकल्प करायचा होता. ठराव एकमताने संमत झाला.

कोकण रेल्वेने शोरनूर, तिथून मोटारीने मन्नारक्काड, मग वळणावळणाचा घाट चढून मुक्कली. तिथे पोहोचल्यावर कळलं की आपली गाडी पुढे न्यायची नाही. वनखात्याने परवानगी दिलेल्या जीपनेच जायचं, बरोबर त्यांचा वाटाड्या, सैरंध्री नावाच्या ठिकाणापर्यंत २३ किलोमीटर, तेवढेच परत, सगळे मिळून पाचेक तास. मधे उतरायचं तर तो सांगेल तिथे. ओरडायचं नाही, खायचं टाकायचं नाही, वाट सोडायची नाही. नियमांचा फलक वाचून मला बरं वाटलं. जिथे फलक आहे तिथे कारभार आहे.

वाटाड्या जवळच्याच आदिवासी पाड्यातला होता. पन्नाशीचा, काटकुळा. मल्याळम आणि तमिळ त्याला येत होती. प्रवाशांपुरती हिंदी आणि इंग्रजी तो जोडून घेत होता. त्याचं बोलणं मी इथे सरळ मराठीत लिहितो. मेहुण्याने त्याला पहिलाच प्रश्न टाकला, "सिंहपुच्छ दिसेल ना?"

"आहे, सार."

"आहे ते ठीक. दिसेल का?"

"आहे," तो पुन्हा म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. हा माणूस नीट उत्तर देत नाही, असा त्या बघण्याचा अर्थ. मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "कर्ज मंजूर होईल का?" या प्रश्नाला आम्हीही "अर्ज आलाय" असंच उत्तर देतो.

वर्षावन म्हणजे काय याची माझी कल्पना सिनेमातून आली होती. झाडाच्या प्रत्येक फांदीवर काहीतरी बसलेलं, प्रत्येक झुडपामागून काहीतरी निघणारं. प्रत्यक्षात सकाळी दहा वाजता दिवेलागणीसारखा उजेड होता आणि दिसत होते ते खांब. झाडांचे सरळसोट खांब, बुंध्याशी फळ्या उभ्या कराव्यात तशी मुळं, आणि मान मोडेपर्यंत वर बघितलं की कुठेतरी पानांचं छप्पर. जे काय घडतं ते त्या छपरात. ऊन तिथे, फुलं तिथे, फळं तिथे, म्हणून खाणारेही तिथेच. आपण आपले तळमजल्यावर उभे राहून आठव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा संसार कसा चाललाय याचा अंदाज घ्यायचा. वरून मधूनच एखादं अर्धवट खाल्लेलं फळ पडतं. आमच्या सोसायटीतही वरच्या मजल्यावरून असंच काहीतरी पडत असतं. तिथे आम्ही तक्रार करतो, इथे मेहुण्याने त्याचा फोटो काढला.

ताडोब्यात उन्हाळ्यात पानं झडतात, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर वाघाला यावंच लागतं. तो येतो, आपण जीपमध्ये बसलेले असतोच. सदाहरित रानात पानं एकदम झडत नाहीत आणि पाण्याला तोटा नाही. कोणालाही कुठे येण्याची सक्ती नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर इथल्या ग्राहकाला शाखेत यावंच लागत नाही.

तरी दोन भेटी झाल्या. पहिली शेकरूची. तांबूस पाठीची ती भलीमोठी खार फांदीवर शेपूट सोडून बसली होती. वाटाड्याने कौतुकाने बोट दाखवलं. सौ. म्हणाली, "अगंबाई, हा तर आपला राज्यप्राणी! भीमाशंकरला आहे की." म्हणजे एवढा प्रवास करून आम्ही जे पाहिलं ते पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता आलं असतं तिथलं होतं. दुसरी भेट जास्त खळबळजनक झाली. लांबच्या झाडावर काळी माकडं हलली. मेहुण्याने जीप थांबवायला लावून फोटोंचा धडाका लावला. एकशे चाळीस फोटो झाल्यावर वाटाड्या शांतपणे म्हणाला, "ही नाही, सार. ही करिंकुरंगु." म्हणजे निलगिरी लंगूर. अंग काळं, पण डोक्यावरचे केस सोनेरी-तपकिरी. आयाळ नाही, शेपटीला गोंडा नाही. चुकीच्या खात्यात रक्कम जमा झाल्यावर जो चेहरा होतो तो मेहुण्याचा झाला.

तिसरी भेट जळवांची. पण ती आम्ही घेतली असं म्हणता येणार नाही, ती त्यांनी घेतली. जिथे पाच मिनिटं पाय मोकळे करायला उतरलो तिथे ओल्या पाल्यातून त्या दोऱ्यासारख्या उभ्या राहिल्या आणि ताठ मानेने आमच्याकडे निघाल्या. मला कळलंही नाही. सैरंध्रीला पोहोचून मोजा काढला तेव्हा घोट्याशी एक जळू जांभळाएवढी होऊन बसली होती. वाटाड्याने चिमूटभर मीठ लावून ती सोडवली. दुखलं काहीच नाही, रक्त मात्र बराच वेळ थांबेना. कर्जदाराला न दुखवता, त्याच्या नकळत, घरी जाऊन एवढी चोख वसुली करणारा प्राणी मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही.

या दरीचं नाव सायलेंट कसं पडलं याविषयी मतभेद आहेत. रातकिड्यांची किरकिर इथे नाही म्हणून, असं एक मत. त्या माकडाचं शास्त्रीय नाव मकाका सायलेनस, त्यावरून, असं दुसरं. आणि इंग्रजाला 'सैरंध्री' म्हणता येईना म्हणून त्याने 'सायलेंट' करून टाकलं, असं तिसरं. मला हे तिसरं पटतं, कारण नाव चुकीचं लिहून तेच कायम करून टाकणं हे मी रोज करतो. सैरंध्री म्हणजे अर्थातच द्रौपदी. पांडव इथून गेले अशी तिथल्या लोकांची समजूत आहे, आणि दरीतून वाहणाऱ्या नदीचं नाव कुंती.

कन्येला सैरंध्री माहीत नव्हती. तेव्हा मी तिला विराटाच्या घरची गोष्ट सांगितली. द्रौपदी तिथे दासी होऊन राहिली, भीम स्वयंपाकी झाला, अर्जुन नाच शिकवायला लागला. एक वर्ष अज्ञातवास, आणि त्या वर्षात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास. कन्या म्हणाली, "म्हणजे दिसायचं नाही हाच नियम होता?"

"हो."

"मग त्यांना शोधत कोण होतं?"

"दुर्योधनाचे हेर," मी म्हणालो, आणि माझी नजर नकळत मेहुण्याच्या लेन्सकडे गेली.

सैरंध्रीला लोखंडी मनोरा आहे, सुमारे ३० मीटर उंच. त्यावर चढलो आणि बोलणंच थांबलं. खाली तळमजल्यावर जे खांब होते त्यांचं छप्पर आता आमच्या पायाखाली होतं. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे साडीच्या दुकानातही कोणी मला दाखवलं नव्हतं. मधून कुंती नदी. आणि वाटाड्याने एका बाजूला हात करून सांगितलं, "तिथे धरण होणार होतं."

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती, तिथे पुरी कळली. १९७३ साली नियोजन आयोगाने या नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाला मंजुरी दिली. सुमारे ८३० हेक्टर रान पाण्याखाली जायचं होतं. त्याविरुद्ध जी माणसं उभी राहिली ती काही फार मोठ्या वजनाची नव्हती. केरळ शास्त्र साहित्य परिषद म्हणून लोकांना सोप्या भाषेत विज्ञान सांगणारी संस्था, त्यात बरेचसे शिक्षक; सुगतकुमारींसारख्या कवयित्री; आणि आपल्या मुंबईचे पक्षीवाले सलीम अली. पुढे इंदिरा गांधींनी लक्ष घातलं, समिती बसली, १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला. नोव्हेंबर १९८४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं.

'माकडं महत्त्वाची की माणसं?' असा तेव्हा वाद झाला होता. वाचकहो, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. आमच्याकडे दुपारी दहा मिनिटं वीज गेली तर मी वीजमंडळाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करतो. ज्यांच्या घरी अजून दिवाच आला नव्हता ते "आम्हाला वीज द्या" म्हणाले असतील तर त्यांना नावं ठेवण्याचा हक्क पंख्याखाली बसणाऱ्या मला नाही. पण मनोऱ्यावर उभं राहून माझ्या मनात वेगळंच आलं. त्या वेळी ज्या मास्तरांनी पत्रकं वाटली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीजणांनी हे रान डोळ्यांनी पाहिलं असेल? कितीजणांना सिंहपुच्छ वानर भेटलं असेल? वाचवलं तरी त्यांच्या पदरात काय पडणार होतं? त्यांना फक्त ते तिथे असायला हवं होतं.

इथवर माझे विचार उच्च होते. हा लेख इथेच संपवला असता तर माझ्याविषयी तुमचं मत चांगलं राहिलं असतं.

मनोऱ्यावरून उतरलो आणि वाटाड्या एकदम थांबला. मान तिरकी करून ऐकत राहिला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"सिंहवालन," तो म्हणाला. "तिकडे, उताराला. टोळी आहे. पिल्लं पण आहेत."

"किती लांब?" मेहुण्याचा आवाज कापरा झाला होता.

"अर्धा किलोमीटर. कमीच."

"मग चला की!"

"तिकडे नेता येत नाही, सार."

आता इथे माझ्या सचोटीविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा मी कॅशला होतो. एका व्यापाऱ्याने मिठाईचा पुडा काउंटरवर ठेवला. पुडा उघडला तर वर पेढे होते आणि पेढ्यांखाली पाकीट होतं. मी पेढ्यांसकट पुडा परत केला. ही गोष्ट मी आजवर निदान दोनशे वेळा सांगितली आहे. सौ.ला ती पाठ आहे. मी दम खायला थांबलो तर पुढचं वाक्य ती म्हणते. बढती मिळाली नाही, फ्लॅट एक खोलीचा राहिला, पण कोणाचा पैसा घेतला नाही, हे माझं एकुलतं एक भांडवल. त्याच्या व्याजावर मी समाजात वावरतो.

तर अशा त्या माणसाने वाटाड्याला झाडाआड बाजूला घेतलं आणि पाचशेची नोट चौघडी करून त्याच्या मुठीत सरकवली. "पाचच मिनिटं," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

हे वाक्य त्या व्यापाऱ्याचं होतं. शब्दन् शब्द त्याचं.

वाटाड्या चिडला नाही. चिडला असता तर मला पुष्कळ हलकं वाटलं असतं. त्याने नोट उलगडली, घड्या बोटाने सरळ केल्या, जशा आम्ही काउंटरवर करतो तशा, आणि माझ्या हातात परत ठेवली. "आपण गेलो की ती झाड सोडतात, सार," तो म्हणाला. "खाणं टाकून, पिल्लं घेऊन जातात."

"मग उद्या परत येतील," मी म्हणालो.

"उद्या दुसरी जीप येते, सार."

याला उत्तर नव्हतं. आमच्या साहेबांनाही इतकं मुद्देसूद बोलता येत नाही. प्रत्येक जीपमधल्या माणसाला पाचच मिनिटं हवी असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की पाच मिनिटांनी काय होतंय.

"अहो, पण आम्ही एवढ्या लांबून आलो. ती आहेत की नाहीत हे आम्हाला कळणार कसं?"

"मी सांगतो ना, सार," तो म्हणाला. "आहेत."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. जीप निघाल्यावर आठवलं. ऐकलं नव्हतं, बोललो होतो. आमच्या शाखेत एक आजी दर महिन्याला येतात. आजोबांनी ठेवलेली मुदत ठेव आहे. ती मोडायची नाही, व्याजही काढायचं नाही, सगळं नातीसाठी. पिशवीतून पावती काढतात, माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "जरा बघ रे बाळ, आहे ना?" मी कॉम्प्युटरवर बघून सांगतो, "आहे, आजी." कधी रांग मोठी असते, सर्व्हर बसलेला असतो, तेव्हा न बघताच सांगतो, "अहो आजी, मी सांगतोय ना, आहे!" आजींचं तेवढ्याने भागतं. पैसे काढून दाखव असं त्या म्हणत नाहीत. त्यांची सगळी पुंजी माझ्या एका शब्दावर सुरक्षित असते, आणि मला त्या शब्दाचा कंटाळा आलेला असतो.

आणि इथे मी! एका माणसाने सरळ सांगितलं की आहेत, तर मला त्याचा शब्द पुरेना. का? तर मी पैसे भरले होते. जीपचं भाडं भरलं म्हणजे माकड मला काही देणं लागतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मी कॉमर्सचा माणूस. जमेसमोर खर्च आणि खर्चासमोर जमा दिसली नाही तर मला झोप येत नाही. पण विचार केला तेव्हा माझ्याच धंद्यातला दाखला निघाला. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे नुसता ठेवून द्यावा लागतो. सीआरआर म्हणतात त्याला. तो कर्जाऊ देता येत नाही, त्यावर व्याज मिळत नाही. कोणी मॅनेजर उठून म्हणत नाही की एवढा पैसा पडून आहे, जरा पाच मिनिटं वापरू या. या देशात शंभराहून जास्त राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि सगळी मिळून देशाच्या जमिनीच्या शेकडा दीडहूनही कमी भरतात. बाकीची जमीन आपण वापरतोच आहोत. एवढ्या शेकडा दीडवर तरी आपल्याला व्याज मागितल्याशिवाय राहवू नये का?

तुम्ही म्हणाल, मग जाऊच नये की काय? तसंही नाही. न पाहिलेल्या गोष्टीसाठी पत्रकं वाटणारे थोडे. आम्ही बाकीचे मनोऱ्यावर चढल्याशिवाय शहाणे होत नाही. शिवाय वाटाड्याचं घर आमच्यासारख्यांच्या येण्यावर थोडंफार चालत असणार. प्रश्न जाण्याचा नाही, वाट सोडण्याचा आहे. बघायला मिळालं तर आनंद, ही एक गोष्ट. बघायला मिळालंच पाहिजे, ही दुसरी. या दोहोंमधलं अंतर अर्धा किलोमीटर, कमीच, आणि ते मी पाचशे रुपयांत तोडायला निघालो होतो. घेणाऱ्याला आपण भ्रष्ट म्हणतो. देणाऱ्याला बिचारा म्हणतो, अडला होता म्हणतो. माझं तिथे काय अडलं होतं? रेशनकार्ड? मुलीचा प्रवेश? मी सुट्टीवर होतो हो!

मुक्कलीला उतरताना मी वाटाड्याला बक्षिशी द्यायला पुन्हा खिशात हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. त्या दिवशी माझ्या हातातून कुठलीही नोट त्याला स्वच्छ वाटली नसती. सौ.ने तिच्या पर्समधून घरचे बेसनाचे लाडू काढून त्याच्या हातावर ठेवले. ते त्याने घेतले, एक तिथेच खाल्ला आणि पहिल्यांदाच मनापासून हसला.

परतीच्या गाडीत मेहुणा वरच्या बर्थवर निलगिरी लंगूर पुसून टाकावेत की ठेवावेत या विवंचनेत पडला होता. कन्या खिडकीशी प्रकल्पाची वही घेऊन बसली होती. बराच वेळ काहीतरी लिहून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, त्या काकांनी तुमचे पैसे परत का दिले?"

म्हणजे झाडाचा आडोसा पुरला नव्हता. ज्या पेढ्यांची गोष्ट ऐकत ती मोठी झाली, त्या गोष्टीचा धनी तिच्यासमोर बसला होता. आता खरं सांगायची संधी होती. गाडीत गर्दी नव्हती, सौ.चा डोळा लागला होता.

"त्यांच्याकडे सुटे नव्हते," मी म्हणालो.

कन्येने मान हलवली. समोरचा ग्राहक "सही माझीच आहे" असं म्हणाला आणि ती त्याची नाही हे मला दिसत असलं की मी जशी हलवतो, अगदी तशी. मग ती पुन्हा लिहायला लागली. काय लिहिलंय ते विचारायचा मला धीर झाला नाही.

शाखेत हजर झालो त्या दिवशी सगळ्यांनी एकच विचारलं, "काय, माकड दिसलं का?" नाही म्हटल्यावर हेडक्लार्क म्हणाले, "मग एलएफसी पाण्यात गेली!" मी म्हणालो, "तिथे आहेत पण." "कशावरून?" "एकाने सांगितलं." यावर सगळी शाखा मनमुराद हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

साडेअकराला आजी आल्या. "कुठे रे होतास बाळ? मी येऊन गेले. त्या नव्या मुलाला विचारलं. तो म्हणाला आहे, पण मला काही चैन पडेना. म्हटलं, तू आलास की तुलाच विचारावं." त्यांनी पावती पुढे धरली. रांग मोठी होती, पण मी नंबर घातला, खातं उघडलं, रक्कम, तारीख, वारस, सगळं नीट वाचलं, आणि कॉम्प्युटरचा पडदाच त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, आजी."

आजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला काय कळतंय त्यातलं? तू सांग. आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. हा शब्द उच्चारायला मला इतका त्रास पूर्वी कधी झाला नव्हता.

ती पाचशेची नोट अजून माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे. घड्या सरळ केलेली. भाजीवाल्याला द्यावी म्हणून दोनदा काढली आणि परत ठेवली. कन्येला खरं सांगेन त्या दिवशी मोडेन असं ठरवलंय. तोवर पडून आहे. तिच्यावर व्याज काही मिळत नाही, पण ठेवून देणं भाग आहे.